अंबोनचा अंध वनस्पतिशास्त्रज्ञ

आपल्या घरांतील मसाल्याचा डबा उघडला तर लवंग, जायफळ व जायपत्री हीं त्यांत बहुधा सांपडतातच. दाढ दुखूं लागली म्हणजे आजी लवंग चघळावयास देते, आणि पुरणांत जायफळाची पूड पडल्यावांचून सणाच्या जेवणास रुचि येत नाहीं. परंतु हीं झाडें मूळचीं कोठचीं, असें विचारलें तर आपणांपैकीं थोड्यांसच उत्तर देतां येईल. आशिया व ऑस्ट्रेलिया ह्या दोन खंडांच्या मधील समुद्रांत मोलुक्का नांवाचा द्वीपसमूह आहे. तेथील कांहीं लहान बेटें हेंच ह्या झाडांचें माहेर होय. त्या द्वीपसमूहांतील अंबोन नांवाच्या बेटावर सुमारें साडेतीनशें वर्षांपूर्वीं एक जर्मन गृहस्थ राहत होता. त्यानें आपल्या आयुष्याचीं जवळजवळ पन्नास वर्षें त्या बेटावर काढिलीं व तेथील झाडाझुडपांचें वर्णन लिहिणें हेंच आपलें जीवितकार्य मानिलें. ह्यांपैकीं शेवटचीं बत्तीस वर्षें तो पूर्णपणें अंध होता. त्याचें नांव गेऑर्ग एबरहार्ड रुंफियस. विद्यार्थी मित्रहो, आज त्याचेंच चरित्र तुम्हांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

रुंफियसचा जन्म १६२७ सालीं जर्मनींतील हेस प्रांतांत वोल्फर्सहाइम ह्या गांवीं झाला. त्या वेळीं तीस वर्षांचें युद्ध ह्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या युद्धानें तो देश होरपळून निघाला होता. त्याचा बाप इमारती व तटबंदी बांधण्याच्या कामांत कुशल असे. तें ज्ञान मुलाच्याहि अंगीं उतरलें. हानाउ येथील शाळेंत त्यानें लॅटिन भाषेचा चांगला अभ्यास केला. रुंफ हें त्याच्या घराण्याचें नांव. विद्वानांच्या तत्कालीन रिवाजास अनुसरून त्याचें लॅटिन रूप रुंफियस असें झालें.

दूरचे देश पाहण्याची हौस त्यास लहानपणापासूनच होती. वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीं व्हेनिसच्या राज्याची चाकरी करावयाची म्हणून तो सैन्यांत दाखल झाला. परंतु त्यास फसवून ब्राझीलकडे जाणाऱ्या डच जहाजावर चढविण्यांत आलें. तें जहाज ब्राझीलला पोंचलेंच नाहीं. रुंफियस पोर्तुगालच्या किनाऱ्यास लागला व सुमारें तीन वर्षें तेथेंच अडकून पडला. मोठ्या कष्टानें तो मायदेशीं परतला. पण पूर्वेकडील देशांविषयीं त्यानें जें ऐकिलें होतें, तें त्यास स्वस्थ बसूं देईना. आईच्या मृत्यूनंतर त्यानें डच ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी पत्करिली आणि १६५२ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशीं तो जहाजांत बसला. पुढील वर्षीं तो बाटाव्हियास, म्हणजे आजच्या जकार्ता शहरीं, पोंचला व तेथून लवकरच अंबोनला आला. मायदेश त्यास पुन्हां कधींच दिसावयाचा नव्हता.

अंबोन हें बेट विषुववृत्ताच्या थोडेंसें दक्षिणेस आहे. त्याची लांबी अवघी पन्नास किलोमीटर असेल. परंतु डोंगर, दाट अरण्य, खाऱ्या चिखलांतील कांदळवन आणि प्रवाळांनीं भरलेला समुद्र हीं सर्व त्या चिमुकल्या भूमीवर एकत्र आलीं आहेत. ह्या भागाची आणखी एक विशेष गोष्ट आहे. पश्चिमेकडील मोठीं बेटें एके काळीं आशियास जोडलेलीं होतीं व पूर्वेकडील न्यू गिनी ऑस्ट्रेलियास जोडलेलें होतें. मधलीं हीं बेटें मात्र खोल समुद्रामुळें दोन्ही खंडांपासून अलगच राहिलीं. वारा, लाटा व पक्षी ह्यांच्या साह्यानें जें बीं तेथें पोंचलें, तेंच रुजलें. त्यामुळें तेथील सृष्टींत आशियाचे व ऑस्ट्रेलियाचे असे दोन्हीकडचे पाहुणे एकत्र नांदतात, आणि जगांत अन्यत्र कोठेंहि न आढळणारे कित्येक जीव तेथें उत्पन्न झाले आहेत. सर्दीपडशावर आपण जें काजुपुटी तेल लावतों, त्याचें झाड ऑस्ट्रेलियाकडील गोतांतलें. त्याचेंहि वर्णन रुंफियसनें करून ठेविलें आहे. दोन खंडांच्या सृष्टींत भेद कोठें पडतो हें आल्फ्रेड रसेल वॉलेस ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें पुढें स्पष्ट केलें. तोहि १८५७ सालीं अंबोनला येऊन गेला होता. रुंफियस त्याच्या दोनशें वर्षें आधींचा. खंड, प्रवाह व उत्क्रांति ह्यांचा विचार त्या काळीं नव्हता. होतें तें एवढेंच कीं, समोर दिसणारें प्रत्येक झाड त्यास विधात्याच्या हातचें वाटे, आणि म्हणून तें नीट पाहून लिहून ठेवावें असें त्यास वाटे.

परंतु ज्या कंपनीचें तो अन्न खात होता, ती त्याच झाडांकडे अगदीं निराळ्या दृष्टीनें पाहत होती, हें येथें सांगितलेंच पाहिजे. लवंगेस युरोपांत मोठी किंमत येई. ती किंमत उतरूं नये म्हणून लवंग फक्त आपल्या ताब्यांतील अंबोन व त्याच्या शेजारच्या थोड्या बेटांवरच पिकावी, इतरत्र एकहि झाड राहूं नये, असा कंपनीनें निश्चय केला. १६५२ सालीं तेर्नातेच्या सुलतानाशीं तसा करार झाला. दरसाल वल्ह्यांच्या नौकांचा मोठा तांडा निघे व बेटोबेटीं हिंडून लवंगेचीं झाडें तोडून टाकी. शेजारच्या सेराम बेटाच्या पश्चिम टोंकास ह्याच कारणासाठीं युद्ध पेटलें होतें. गांवें उठविलीं गेलीं व लोक देशोधडीस लागले. मूल जन्मास आलें म्हणजे त्याच्या नांवानें लवंगेचें झाड लावावें, अशी तेथें रीत होती असें सांगतात. तें झाड तोडलें जात असतांना आईबापांच्या मनास काय वाटलें असेल, ह्याची कल्पना प्रत्येकानें स्वतःच करावी. रुंफियस तेथें आला तो ह्याच युद्धाच्या दिवसांत, व कंपनीचा एक शिपाई म्हणून आला. त्याच्या चरित्रांतील ही छाया झांकून ठेवण्याचें कारण नाहीं.

शिपाईगिरींत मात्र त्याचें मन रमलें नाहीं. १६५७ सालीं त्यानें अर्ज करून व्यापारखात्यांत बदली करून घेतली आणि बेटाच्या किनाऱ्यावरील लारिके व मागाहून हिला ह्या गांवीं तो कंपनीचा अधिकारी म्हणून राहूं लागला. कामाचा बोजा आटोपला म्हणजे तो रानांत व समुद्रकांठीं हिंडे. गांवांतील म्हातारे लोक, वैदू, कोळी व सुतार ह्यांस तो प्रश्न विचारी. ह्या झाडास तुम्ही काय म्हणतां, ह्याचें लांकूड कशास उपयोगी पडतें, कोणत्या रोगावर ह्याचा पाला बांधतात, ह्याचें फळ खावें कीं खाऊं नये, हें सर्व तो टिपून ठेवी. एकेका झाडाचीं मलायी, अंबोनी, लॅटिन, डच अशीं अनेक नांवें त्यानें नोंदिलीं आहेत. खेड्यांतील निरक्षर माणसाच्या ज्ञानास त्यानें कधींहि कमी लेखिलें नाहीं. त्याच्या ग्रंथाची खरी थोरवी येथेंच आहे.

त्याचें लक्ष कशाकशाकडे होतें हें पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. ग्रंथाचा आरंभ त्यानें नारळापासून केला आहे. त्या लोकांचें मुख्य अन्न जें सागू, त्याचें झाड फोडून आंतला गर कसा काढतात व पाण्यांत धुवून त्याचें सत्त्व कसें खालीं बसवितात, हें त्यानें सविस्तर सांगितलें आहे. आपला साबुदाणा हा शब्द ह्याच सागूवरून आलेला आहे; आपल्याकडे मिळणारा साबुदाणा मात्र टॅपिओका नांवाच्या कंदापासून करितात. उंच झाडांच्या फांद्यांवर बसून फुलणाऱ्या आमरींचें, म्हणजेच ऑर्किडांचें, इतकें बारकाईचें वर्णन त्याच्यापूर्वीं क्वचितच कोणीं केलें असेल. त्याच्या चुकाहि झाल्या. मुंग्यांना आपल्या पोटांत घर देणारी एक वनस्पति त्या भागांत आहे. ती मुंग्यांच्या वारुळांतूनच उगवते असें त्यास वाटलें. समुद्रांतून वाहत येणारा दर्याई नारळ, ज्याच्या करवंटीचें भिक्षापात्र आपल्याकडील फकिराच्या हातीं असे, तो समुद्राच्या तळाशीं उगवणाऱ्या झाडाचा आहे असा त्याचा समज होता. त्याचें खरें झाड आफ्रिकेच्या पूर्वेस सेशेल्स बेटांत आहे, हें त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनीं लोकांस कळलें. परंतु जें पाहिलें व जें ऐकिलें तें प्रामाणिकपणें लिहिल्यामुळें त्याच्या चुकांपासूनहि पुढील लोक शिकले.

ह्या कामांत त्यास सुझाना नांवाच्या आपल्या पत्नीचें मोठें साह्य होतें. ती त्याच प्रदेशांतील स्त्री. वनस्पति शोधण्यांत ती त्याची पहिली सोबतीण होती. एके दिवशीं तिनें त्यास एक शुभ्र, मोठें व सुवासिक आमरीचें फूल आणून दाखविलें. रुंफियसनें त्या फुलास सुझानाचेंच नांव दिलें. पुढें १७५३ सालीं स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयस ह्यानेंहि तेंच नांव कायम ठेविलें, व तें आजतागायत चालत आलें आहे. ह्याच फुलाची एक शुभ्र व सुगंधी बहीण आपल्या सह्याद्रीवरहि पावसाळ्याच्या उत्तरार्धांत फुलते.

१६७० सालीं रुंफियसवर पहिला घाला पडला. वय त्रेचाळिसाच्या आंत, ग्रंथ अर्धामुर्धा, आणि थोड्याच काळांत दोन्ही डोळ्यांची दृष्टि गेली. ज्याचें सर्व काम पाहण्याचें, त्याचीच दृष्टि जावी! कंपनीच्या दुसऱ्या एखाद्या नोकरास घरीं बसविलें असतें. परंतु बाटाव्हियाचा गव्हर्नर-जनरल मात्सायकर ह्यानें त्याची योग्यता ओळखून त्याचा हुद्दा व पगार चालू ठेविला. रुंफियस अंबोन शहरांत राहावयास आला. आतांपर्यंत तो ग्रंथ लॅटिनमध्यें लिहीत होता. परंतु लॅटिन जाणणारा लेखनिक त्या बेटावर कोठून मिळणार? तेव्हां झालेलें लिखाण बाजूस ठेवून त्यानें सर्व ग्रंथ डच भाषेंत पुन्हां सांगावयास आरंभ केला. पाहणारे दुसरे, लिहिणारे दुसरे. पानें चांचपून, त्यांचा वास घेऊन, पूर्वीं पाहिलेलें आठवून तो सांगत जाई.

चार वर्षें झालीं न झालीं तोंच दुसरा घाला आला. १६७४ च्या फेब्रुवारी महिन्याची १७ तारीख. चिनी लोकांचा नववर्षाचा सण चालू होता. सुझाना व तिची एक मुलगी सण पाहण्यासाठीं गेल्या होत्या. संध्याकाळीं अकस्मात् भयंकर भूकंप झाला. भिंत कोसळली व तिच्याखालीं मायलेकी दोघीहि सांपडून मेल्या. उत्तर किनाऱ्यावर समुद्र खवळून आंत घुसला आणि गांवेंच्या गांवें धुवून गेलीं. दोन हजारांहून अधिक माणसें त्या रात्रीं मृत्यु पावलीं. अशा प्रसंगीं माणसाचें मन बधिर होतें. परंतु ह्या आंधळ्या, विधुर बापानें त्या भूकंपाची व लाटेची साद्यंत हकीकत लिहवून घेतली. ती १६७५ सालीं छापली गेली. त्या समुद्रांतील त्सुनामी लाटेचें तें पहिलें तपशीलवार वर्णन असून भूकंपशास्त्रज्ञ आजहि त्याचा उपयोग करितात. वाचकांस येथें पवित्र शास्त्रांतील ईयोबाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं.

त्याचा मुलगा पाउलुस ऑगस्टस हा पुढें चित्रें काढून बापास मदत करूं लागला. युरोपांतील विद्वानांपर्यंतहि त्याची कीर्ति पोंचली. १६८१ सालीं जर्मनींतील निसर्गशास्त्रज्ञांच्या सभेनें त्यास आपला सभासद करून हिंदी प्लिनी अशी पदवी दिली. काम संपत आलें असें वाटतें न वाटतें तोंच ११ जानेवारी १६८७ रोजीं अंबोन शहरास आग लागली. त्याचें पुस्तकालय, कित्येक हस्तलिखितें आणि ग्रंथासाठीं काढविलेलीं चित्रें भस्म झालीं. साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या त्या वृद्धानें पुनः चित्रकार मिळविले, पुनः रोपें आणविलीं व चित्रें नव्यानें काढविण्यास आरंभ केला.

१६९० सालीं पहिलीं सहा पुस्तकें पूर्ण झालीं, व १६९२ सालीं तीं वाटरलँड नांवाच्या जहाजानें हॉलंडकडे निघालीं. वाटेंत फ्रेंच लोकांनीं तें जहाज बुडविलें. अंधत्व, भूकंप व आग ह्यांतून वांचलेला ग्रंथ समुद्राच्या तळाशीं गेला! परंतु परमेश्वराची योजना निराळी होती. गव्हर्नर-जनरल कांफाउस हा विद्येचा भोक्ता होता. हस्तलिखित बाटाव्हियांत असतांना त्यानें त्याची एक प्रत करवून ठेविली होती. त्या एका प्रतीमुळें सर्व वांचलें. नवी नक्कल करून पाठविण्यांत आली व ती १६९६ सालीं हॉलंडला पोंचली. रुंफियसनें राहिलेली पुस्तकेंहि पुरीं करून बारा पुस्तकांचा ग्रंथ व त्यास एक पुरवणी सिद्ध केली.

एवढें होऊनहि ग्रंथ छापून निघाल्याचें सुख त्याच्या वांट्यास आलें नाहीं. आपल्या बेटांचीं व मसाल्यांचीं गुपितें बाहेर फुटतील ह्या धास्तीनें कंपनीनें तो दप्तरांत ठेवून दिला. १५ जून १७०२ रोजीं अंबोन येथें रुंफियसनें देह ठेविला. शंखशिंपले व खनिजें ह्यांविषयींचें त्याचें पुस्तक १७०५ सालीं निघालें. परंतु वनस्पतींचा महाग्रंथ योहानेस बुर्मान ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या खटपटीनें १७४१ पासून १७५० पर्यंत आम्स्टरडॅम येथें सहा खंडांत, लॅटिन व डच अशा दोन भाषांत, छापला गेला. हाच तो हर्बेरियम अंबोइनेन्से. त्यांत सुमारें १२०० वनस्पतींचें वर्णन व जवळजवळ ७०० चित्रें आहेत.

ह्याच काळांत ह्याच कंपनीच्या आश्रयानें मलबारांतहि तसाच एक ग्रंथ तयार होत होता. व्हान रेडे ह्या अधिकाऱ्यानें १६७८ पासून छापविलेल्या त्या मलबारी वनस्पतिग्रंथास रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट ह्या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांनीं मदत केली. त्यांचें कोंकणी भाषेंतील व नागरी लिपींतील प्रमाणपत्र त्या ग्रंथांत छापलेलें आहे. तेव्हां आपल्या कोंकणी बांधवांचाहि ह्या विद्येस हातभार लागला आहे, हें आपण विसरूं नये.

आतां कोणी विचारील कीं, झाडांचीं नांवें लिहून ठेविल्यानें काय साधलें? ह्याचें उत्तर लवंगेनेंच दिलें आहे. कंपनीनें इतकीं झाडें तोडलीं, तरी १७७० सालीं पियेर प्वाव्र ह्या फ्रेंच अधिकाऱ्यानें लवंगेचीं रोपें गुप्तपणें मॉरिशसला आणविलीं, आणि तेथून हें झाड झांजीबारपर्यंत पसरलें. ज्या मक्तेदारीसाठीं अरण्यें उजाड केलीं व माणसें मारिलीं, ती मक्तेदारी अशा रीतीनें नाहींशी झाली. परंतु तोडल्या गेलेल्या झाडांचे नाना प्रकारचे वंश मात्र परत आले नाहींत. मोलुक्काबाहेरील लवंगा बहुतेक थोड्याशाच रोपांची संतति. अशा एका वाणाच्या झाडांस रोगानें गांठलें म्हणजे सर्वांसच धोका पोंचतो. विसाव्या शतकांत झांजीबारच्या बागांस तो अनुभव आला. एकेका जातींत परमेश्वरानें जें वैविध्य ठेविलें आहे तेंच तिचें संरक्षण होय, आणि एकदां तें गेलें म्हणजे कोणत्याहि व्यापाऱ्याच्या पैशानें परत विकत घेतां येत नाहीं.

दुसरें उत्तर असें. कोणत्याहि रानांतून काय नाहींसें झालें हें कळावयास, पूर्वीं तेथें काय होतें हें कोणीं तरी लिहून ठेविलेलें असावें लागतें. अंबोनपुरतें तें काम रुंफियसनें केलें. १९१३ सालीं चार्ल्स रॉबिन्सन नांवाचा वनस्पतिशास्त्रज्ञ त्याच ग्रंथाच्या आधारानें त्याच ठिकाणांहून तींच झाडें गोळा करण्यासाठीं अंबोनला गेला. त्या कामांत असतांनाच तेथें त्याची हत्या झाली. त्यानें जमविलेल्या नमुन्यांच्या साह्यानें एल्मर मेरिल ह्यानें १९१७ सालीं रुंफियसच्या बहुतेक वनस्पति ओळखून दाखविल्या. दोनशेंहून अधिक वर्षांपूर्वीं एका अंधानें सांगितलेलें वर्णन डोळसांनीं तपासलें, आणि तें विश्वासास पात्र ठरलें. आज त्या बेटांची गणना जगांतील ज्या प्रदेशांची सृष्टि अत्यंत समृद्ध व अत्यंत संकटांत आहे, अशा प्रदेशांत होते. शेजारच्या सेराम बेटावर मानुसेला नांवाचें राष्ट्रीय उद्यान राखून ठेविण्यांत आलें आहे. राखणारांस काय राखावयाचें हें प्रथम ओळखतां आलें पाहिजे, व तें ओळखण्याचा आरंभ रुंफियसनें करून ठेविला आहे.

त्याच्या कबरीवरील स्मारक दुसऱ्या महायुद्धांत नष्ट झालें. परंतु सुझानाचें नांव धारण करणारें फूल अजून फुलतें आहे.

विद्यार्थी मित्रहो, पवित्र शास्त्रांत असें आहे कीं, पहिल्या मनुष्यास देवानें बागेंत ठेविलें तें तिची मशागत व राखण करण्यासाठीं. मशागत करून पीक घेण्याचें आपणां सर्वांस येतें. राखण करण्याचें मात्र आपण विसरतों. तुमच्या शाळेच्या वाटेवर, शेताच्या बांधावर किंवा गांवच्या टेकडीवर जीं झाडें आहेत, त्यांपैकीं किती झाडांचीं नांवें तुम्हांस सांगतां येतील? तुमच्या आजीस विचारा, गुराख्यास विचारा. त्यांस पुष्कळ ठाऊक असतें आणि तें त्यांच्याबरोबरच जाण्याची भीति आहे. पालकांनींहि मुलांस सुटीच्या दिवशीं रानांत न्यावें आणि एक वही करून द्यावी. रुंफियसजवळ डोळे नव्हते. तुम्हांस ते आहेत. त्यांचा उपयोग करा.